काका, त्या पार्कमधल्या दुपारसाठी थँक्यू

काका, नमस्कार. असं सगळ्यांसमोर लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये, पण फोनवर मला धड बोलता आलं नसतं म्हणून इथेच लिहितेय.

लेकाला शाळेत शिकागोच्या एका सैनिकावर लिहायचं होतं, त्याने नेटवरून मिल्टन ऑलिव्हचं नाव काढलं आणि पहिल्याच ओळीत मेडल आणि ग्रेनेड लिहून मोकळा झाला. तुम्ही ते वाचलंत आणि म्हणालात, शनिवारी माझ्याबरोबर चला. इथल्या नेव्ही पिअर धक्क्याच्या शेजारचं ते ऑलिव्ह पार्क, तिथे आम्ही किती वेळा स्कायलाइनचे फोटो काढायला गेलोय, पाहुण्यांनाही नेलंय, पण ते नाव कोणाचं हे एकदाही मनात आलं नव्हतं काका, खरंच नव्हतं.

थंडी मरणाची होती, तलावावरून बोचरा वारा येत होता, आणि तुम्ही बाकावर बसून थर्मासमधला चहा ओतत सांगायला लागलात ते त्याच्या जन्मापासून. १९४६ चा नोव्हेंबर, आई बाळंतपणानंतर काही तासांतच गेलेली. घरात त्याला लाडाने स्किपर म्हणायचे. मिसिसिपीत लेक्सिंग्टनला आजी-आजोबा. १९६४ च्या उन्हाळ्यात हा तिकडे ब्लॅक लोकांची मतदार नोंदणी करायला लागला, आणि ते साल कसलं, तर त्याच जूनमध्ये तिथे याच कामातल्या तीन तरुणांचा खून झालेला. आजी घाबरली, वडिलांना कळवलं, आणि वडिलांनी सांगितलं की एकतर शाळेत परत जा, नाहीतर नोकरी धर, नाहीतर फौजेत जा. तो फौजेत गेला. मला त्या वडिलांच्या विचारानेच पोटात कालवतं, पोराला धोक्यातून बाहेर काढायला म्हणून सांगितलं असणार ना त्यांनी.

त्याची तुकडी १७३ वी एअरबोर्न ब्रिगेड, ५०३ वी इन्फंट्री. २२ ऑक्टोबर १९६५ ला व्हिएतनाममध्ये फू कुओंगजवळच्या जंगलात पाच जण एकत्र पुढे चाललेले, मध्येच ग्रेनेड येऊन पडला, याने तो हातात घेतला आणि त्याच्यावर स्वतःला झोकून दिलं. बाकीचे चौघे वाचले, त्यात त्यांचा गोरा लेफ्टनंटही होता. एकोणिसावा वाढदिवस सोळा दिवसांवर आलेला. हे तुम्ही फक्त दोन-तीन वाक्यांत सांगितलंत आणि थांबलात.

मग लेकाला विचारलंत, तू पुढच्या वर्षी मत देणार ना? मिल्टनच्या वेळी अमेरिकेत मतदानाचं वय २१ होतं, १८ व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे दुसऱ्यांची नावं मतदार यादीत यावीत म्हणून फिरलेल्या या पोराला स्वतःला एकदाही मत देता आलं नाही. लेक काहीच बोलला नाही, घरी येईपर्यंत गाडीत गप्प होता, आणि रात्री सगळं खोडून पहिल्यापासून लिहायला बसला. १९६६ च्या एप्रिलमध्ये व्हाइट हाउसला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी घरच्यांना मेडल दिलं तेव्हा वाचलेल्या चौघांपैकी दोघे तिथे उभे होते हे त्याने अगदी शेवटी घातलं, आणि व्हिएतनाममधल्या शौर्यासाठी मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळालेला तो पहिला ब्लॅक सैनिक हेही तिथेच. सुरुवात मात्र आजीपासून केली.

आता जे सांगायचंय ते. आमच्या सातारच्या घरात माझ्या धाकट्या काकांचा फोटो आहे, मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ७१ च्या लढाईत गेले. लहानपणापासून त्या फोटोला हार बघतेय आणि एकच वाक्य ऐकतेय, देशासाठी गेले. ते कसे होते हे कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पार्कमधून आल्यावर दुसऱ्या दिवशी आईला फोन लावला आणि विचारलं की काका कसे होते गं? आई आधी गप्पच झाली, मग तासभर बोलत होती. विहिरीत काठावरून सूर मारायचे, भाकरीचा पापुद्रा आधी काढून खायचे, आई नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला सायकल शिकवायला निघाले आणि आजीच्या शिव्या खाल्ल्या. आई हसत होती काका, त्या फोटोबद्दल बोलताना मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं.

हे सगळं तुमच्यामुळे झालं. तुम्ही त्या गारठ्यात तीन तास बसलात, तुमचा गुडघा दुखत होता हे मला नंतर काकूंकडून कळलं.

लेक म्हणतोय उन्हाळ्यात लेक्सिंग्टनला जाऊया, मिल्टनला तिथेच पुरलंय ना. दहा-अकरा तासांचं ड्रायव्हिंग आहे, आम्ही दोघं आलटून पालटून चालवू, तुम्ही आणि काकू फक्त मागे निवांत बसा. याल ना?