बरकतपुऱ्याच्या काकूंना

प्रिय काकूंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. तिला सांगा, भरभर वाचू नकोस.

मी तुमच्या हैदराबादच्या घरी वरच्या खोलीत राहिलेल्या, मॉर्मन ख्रिस्ती पंथाच्या प्रचाराला आलेल्या दोन पोरांपैकी एक. उंच होता तो नव्हे, तो माझा जोडीदार, विशाखापट्टणमचा. मी पुण्याचा, शर्टावर सांबाराचा डाग घेऊन फिरणारा. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या खिशावरची काळी पाटी वाचलीत आणि विचारलंत, "एल्डर म्हणजे काय रे?" मी सांगितलं, ज्येष्ठ, मराठी बायबलात 'वडील' म्हणतात. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत. "मिसरूड नीट फुटली नाही, आणि म्हणे वडील!" मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या दिवसापासून अख्ख्या जिन्यात माझं नाव वडील पडलं.

दुसरा प्रश्न त्याहून सरळ होता. "मला बाटवायला आलायत का?" नाही म्हटलं, खोली भाड्याने घेतलीय, बोलावल्याशिवाय आम्ही कुणाच्या घरी धर्म सांगायला जात नाही. "मग ठीक. चहा टाकते."

इथे घोटाळा झाला. मराठी घरात चहाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण आमच्यात चहा-कॉफी चालत नाही. आमच्या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना १८३३ साली झालेल्या एका प्रकटीकरणात 'गरम पेयं' नकोत असं आहे, आणि त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा धरतात. हे सगळं मी घाम पुसत सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मग गार करून पी की." माझ्या जोडीदाराला मराठी कळत नव्हतं, तरी तो हसला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कुंडीतल्या गवती चहाची चार पाती कापून, आलं ठेचून, गूळ घालून उकळलीत. नाव चहा, पण चहाची पत्ती नाही. नियम मोडला नाही आणि तुमचा पाहुणचारही अडला नाही. दोन वर्षांत मी पुष्कळ शास्त्रार्थ ऐकले, इतका सुबक तोडगा एकही नाही.

आमच्या नियमांनी तुम्हाला त्रासही दिला. साडेसहाला उठणं, साडेदहाला दिवा बंद, जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, हे तुम्हाला पटलं. पण काका घरात नसताना आम्ही आत येत नव्हतो, त्याचा तुम्हाला राग आला होता. हाही नियमच आहे असं कळलं तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः एक पाट उंबऱ्याच्या आत टाकलात, आम्हाला पायरीवर बसवलंत आणि म्हणालात, "घ्या, तुमचा देव बाहेर, माझा आत. आता खा."

उपासावरून तर तुम्ही माझ्यावर कडी केलीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोन वेळचं जेवण सोडतो, पाणीसुद्धा घेत नाही, आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी देतो. "निर्जळी? आणि साबुदाणा पण नाही?" मग स्वतःशीच, "आमचं आपलं एकादशी, दुप्पट खाशी."

पण काकू, हे पत्र खिचडीसाठी नाही.

त्या पायरीवर एकदा जेवणाआधी मी प्रार्थना केली, नेहमीसारखी इंग्रजीत. पुण्यात आमच्या रविवारच्या सभेला पाच राज्यांची माणसं, म्हणून लहानपणापासून देवाशी बोलायची भाषा इंग्रजीच. डोळे उघडले तर तुम्ही बघत होतात. "तुझ्या देवाला मराठी येत नाही का?"

मी हसून सोडून दिलं, पण ते डोक्यातून जाईना. अडचण अशी की इंग्रजीत देवासाठी आम्हाला 'thou' हे एक जुनं, आदराचं सर्वनाम शिकवलेलं आहे. मराठीत काय म्हणू? तुम्ही? आपण? शेवटी तुम्हालाच विचारलं. "देवाला कोण अहो-जाहो करतं? नामदेवाने केलं? जनाबाईने तर शिव्या दिल्या." (पुढे वाचलं की ते इंग्रजी सर्वनामसुद्धा मुळात आपल्या 'तू'चाच भाऊ. जुनं झालं म्हणून सोवळं झालं.)

त्या रात्री खाटेपाशी गुडघे टेकले आणि म्हटलं, "बापा, तू..." पुढे शब्दच नाहीत. आमच्यात विधींतल्या ठरलेल्या प्रार्थना सोडल्या तर पाठ केलेलं काही म्हणत नाहीत, मनाचंच बोलायचं असतं. तरी इंग्रजीत माझी गाडी कशी सुसाट जायची, ते तेव्हा कळलं. सगळी वाक्यं दुसऱ्यांची होती, ऐकून ऐकून बसलेली. मराठीत तयार असं एकही नव्हतं. बराच वेळ गेल्यावर जे आलं ते असं: "मला इथे यायचं नव्हतं. सगळे जातात म्हणून आलो. लोकांना सांगतो ते मला स्वतःला पटलंय की नाही, माहीत नाही."

घाबरलो. पाटी लावून फिरणाऱ्याने असं बोलायचं असतं का? पण त्या रात्री झोप चांगली लागली. मग रोज तेच करू लागलो, आधी खरं सांगायचं आणि मग मागायचं काय ते मागायचं. पलीकडच्या खाटेशी जोडीदार तेलुगूत सुरू झाला. त्याचं मला कळेना, माझं त्याला, आणि खोलीत पहिल्यांदा अवघडलेपण उरलं नाही.

आठव्या महिन्यात आजी गेली. घरी फोन आठवड्याला एक, सोमवारी. बाबांचा बुधवारी आला तेव्हाच समजलो. परत गेलो नाही. जायला निघालो असतो तर कुणी अडवलं नसतं, पण आजीच म्हणाली होती, घेतलेलं पुरं कर. संध्याकाळी पायरीवर बसलो होतो. तुम्ही पावट्याच्या शेंगांनी भरलेलं सूप सोलायला घेऊन आलात. "रडायलास का रे? रड." पुढे एक शब्द नाही. तुम्ही, मी आणि जोडीदार शेंगा सोलत राहिलो, अंधार पडेपर्यंत. तुमचा हरिपाठ त्या दिवशी चुकला की उशिरा झाला, ते मी विचारलं नाही.

रात्री देवाला फक्त आजीबद्दल सांगितलं. तिची तुळस, तिची तपकीर, सगळं. ऐकणारं कुणी आहे, याची खात्री मला त्या रात्री झाली. तुमच्या विठोबाच्या छपराखाली झाली, याचं तुम्हाला हसू येईल. मलाही येतं.

चोवीस महिने संपले, पाटी कपाटात आहे. लोक विचारतात, किती जणांना धर्मात आणलंस? मी विषय बदलतो.

निघताना तुम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेला गवती चहाचा फुटवा पुण्यात गॅलरीत लावलाय. उन्हाळ्यात करपला होता, आता पुन्हा कोंब आलेत. दिवाळीनंतर हैदराबादला येतोय. काका घरात असोत-नसोत, आता नियम नाही, आत येईन. पण पाट पायरीजवळच ठेवा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा वडील