पिंक बेरी नव्हती ती

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत झाडांच्या पेशींमधले सिग्नल जीन बदलून पाहिजे तसे वळवता येतील असा जो अर्ध्या पानाचा लेख आलाय तो मी दोनदा वाचला, एकदा चहासोबत आणि एकदा रागात. लेखकाने पेशीला मोबाइल केलंय, हार्मोनला मेसेज केलंय आणि रिसेप्टरला टॉवर. ठीक आहे, शहरातल्या माणसाला कळावं म्हणून असेल. पण शेवटी नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांची कटकट आता कायमची मिटणार असं जे ठोकून दिलंय ना, तिथं माझं डोकं फिरलं. आमच्या मळ्यात खऱ्या मोबाइलला रेंज येत नाही ती आधी मिटवा म्हणावं.

सिग्नलचं आम्हाला नवीन सांगू नका. एप्रिलची खरड छाटणी झाली की सीसीसी, सिक्स बीए ही वाढ वळवणारी औषधं, ऑक्टोबर छाटणीला काडीचे डोळे फुटावे म्हणून त्यांच्यावर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, पुढं जीएच्या पाण्यात घडांची डिपिंग, हे सगळं काय हौस म्हणून करतो का आम्ही? झाडाला खोटे निरोप द्यायचाच धंदा आहे हा. सीसीसी वेलीत जिबरेलिन हे वाढीचं हार्मोन तयार होऊ देत नाही म्हणून शेंडा थांबतो आणि काडीत घड धरतो, आणि जीए म्हणजे तेच जिबरेलिन जे पुढं आम्ही पैसे देऊन बाहेरून पाजतो, मणी फुगावा म्हणून. एकाच वेलीला उन्हाळ्यात थांब म्हणायचं आणि थंडीत वाढ म्हणायचं. माझी आई म्हणायची तुम्ही पोरं त्या वेलीला येड्यात काढता.

बरं, लेखात जे यायला पाहिजे होतं ते आलंच नाही. घड जिरणं हा शब्द अख्ख्या लेखात एकदाही नाही! काडी तयार होताना ढगाळ राहिलं, वेलीत जिबरेलिन जास्त झालं की ऑक्टोबर छाटणीनंतर घड निघता निघता त्याची बाळी, म्हणजे आधाराला वळसे घेणारा नुसता तंतू, होऊन जाते, हे निफाड-दिंडोरीतलं शाळकरी पोरगं पण सांगेल. याच्यावरच तर खरी गंमत आहे. माझा पुतण्या कृषी महाविद्यालयात आहे, त्याने सांगितलं की ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली पिनो म्यूनिए नावाच्या वाइनच्या द्राक्षाच्या फक्त बाहेरच्या थरातल्या पेशींपासून वेल वाढवली तर ती बुटकी निघाली आणि जिथं बाळी यायची तिथं घड! त्या थरात एक जीन आपोआप बदललेला होता, कुणी घातलेला नव्हता. तो जीन ज्या प्रथिनाचा त्याला डेला म्हणतात, ते म्हणजे वाढीचा ब्रेक. जिबरेलिन आलं की एरवी पेशी तो ब्रेक मोडीत काढते आणि वेल पळते, या वेलीत ब्रेक मोडतच नव्हता. हरितक्रांतीतला बुटका गहू पण याच घराण्यातल्या जीनमुळं बुटका. म्हणजे आपली बाळी आणि घड मुळात सख्खी भावंडं, निरोप काय पोचतो त्यावर कोण जन्माला यायचं ते ठरतं. हे ऐकून मी पाच मिनिटं गप्प बसलो होतो, खोटं नाही सांगत.

हे सोडून तुमच्या लेखकाने अर्धा लेख पॉप्लरवर घालवला. पॉप्लरला फुलायला कित्येक वर्षं लागतात, एक जीन जोरात चालवला की काही महिन्यांत फुलतो, बरोबर आहे, पण मला पॉप्लरचं फूल काय करायचंय, पिंपळगावच्या मार्केटला न्यायचंय का?

आणि समजा आणली तुम्ही तशी वेल, डोळ्याडोळ्याला घड देणारी. पण जी वेल जिबरेलिन ऐकतच नाही तिला माझी जीएची डिपिंग लागू पडणार का? नाही पडली तर १६-१८ एमएमचा मणी कुठून आणू? व्यापारी घड मोजत नाही साहेब, मणी मोजतो, खिशात रिंग घेऊन फिरतो तो. याचं उत्तर लेखात नाही.

मी विज्ञानाच्या विरोधात नाहीये हे आधीच सांगतो, नाहीतर खाली कुणीतरी मला अडाणी म्हणेल. फवारणी वाचली तर मला पाहिजेच आहे. २०१० ला त्याच सीसीसीचे अंश सापडले म्हणून युरोपात आपला माल अडकला, तेव्हा काय हालत झाली ते तुमच्याच पेपरात रोज येत होतं. माझं म्हणणं वेगळं आहे. कापसाचं बी फसलं तर एक हंगाम जातो, माणूस शिव्या देतो आणि पुढच्या वर्षी दुसरी पिशवी आणतो. द्राक्षाचं लाकूड आहे, लावलं की बारा-पंधरा वर्षं उरावर. आणि फसलंय हे कळायलाच दोन-तीन वर्षं जातात. माझंच सांगतो.

२०१६ च्या फेब्रुवारीत मी डॉगरिजची, म्हणजे खालच्या खुंटाची, रोपं लावली, सप्टेंबरला त्यावर कलमं भरली. थॉम्पसन या हिरव्या द्राक्षाच्या काड्या रोपवाल्यानेच आणून दिल्या, माझ्यासमोर कापल्यात म्हणाला. २०१८ च्या जानेवारीत पहिल्या पिकाला पाणी उतरलं, म्हणजे मणी पिकायला लागले, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीतले मणी गुलाबी दिसायला लागले. मी त्याला फोन केला, तो आला, चष्मा कपाळावर सरकवला, एक मणी तोडून तोंडात टाकला आणि म्हणाला थंडीमुळं आहे दादा, पिंक बेरी, घडाला पेपर गुंडाळला असता तर झालं नसतं. मला पटलं हो. त्या वर्षी थंडी होतीच, शेजारच्या बागेत पण थोडी पिंक बेरी होती. व्यापाऱ्याने त्या दोन ओळींपायी सगळ्या प्लॉटचा भाव पाडला ते गेलं.

पुढच्या वर्षी मी त्या १४० वेलींवर एकूण एक घडाला पेपर लावला. तुमचाच पेपर बरं का, रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेला, अग्रलेखाची पानं पण होती त्यात. सुरगाण्याची टोळी होती कामाला, पेपर लावायची मजुरी वेगळी. जानेवारीत एक पेपर सोडून बघितला तर आत चक्क लाल. गुलाबी नाही, लाल! टोळीतल्या एका मावशीने नुसतं लांबून बघितलं आणि म्हणाली, भाऊ, हे वाणच लाल हाय, याला पेपर कशाला लावला? मला तिथं बांधावर बसावंसं वाटलं. जे तिला लांबून कळलं ते मला दोन वर्षं कळलं नाही कारण मी शिकलेला, मी कारण शोधत बसलो.

रोपवाल्याचं म्हणणं काड्या मजुरांनी मिसळल्या असतील. पावतीवर नुसतं रोपे आणि काड्या एवढंच लिहिलेलं, वाणाचं नाव नाही. एका ऑफिसात दोनदा गेलो, पहिल्यांदा साहेब मिटिंगला, दुसऱ्यांदा म्हणाले पक्की पावती आणा. शेवटी २०१९ च्या खरड छाटणीला त्या दोन ओळी बुंध्यात कापल्या आणि परत कलम भरलं, म्हणजे आणखी दोन वर्षं बिनपिकाची.

आता कुणी म्हणेल ही गावठी भानगड आहे, लॅबमध्ये असं होत नाही. होतं. अमेरिकेत चेस्टनटच्या झाडांना बुरशीने संपवलं, ते वाचवायला गव्हाचा एक जीन घालून झाड तयार केलं, डार्लिंग ५८ नाव, कित्येक वर्षं त्याच्यावर चाचण्या, सरकारकडं परवानगीचे अर्ज. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या चेस्टनट फाउंडेशनने हात काढून घेतला, कारण तपासल्यावर कळलं की ५८ म्हणून वाढवलेली झाडं डार्लिंग ५४ या दुसऱ्याच भावंडाची निघाली, जीन दुसऱ्याच जागी बसलेला. विद्यापीठातल्या माणसांकडून झाडांची अदलाबदल झाली तर माझ्या रोपवाल्याला मी काय बोलू? फरक एवढाच की त्यांनी ते थंडीवर नाही ढकललं.

माझा तर रंग चुकला होता म्हणून डोळ्याला दिसलं. सिग्नलमधला बदल कुणाला दिसणार? काडी तशीच, पान तसंच. एका वेलीच्या काड्या दहा गावांत जातात, चौथ्या वर्षी घड जिरले तर परत कुणीतरी चष्मा कपाळावर सरकवून येईल. मार्च २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचा जीन न घालता पिकाचाच जीन बदलायच्या एडिटिंगला कडक नियमांतून सूट दिली, मे २०२५ मध्ये सांबा मसूरी भातात सायटोकायनिन हे हार्मोन मोडणारा जीन एडिट करून कमला नावाचा भात जाहीर पण केला, तो पण सिग्नलचाच खेळ. चांगलं आहे. पण भात चार-पाच महिन्यांत काय ते दाखवतो. द्राक्षात हे येईल तेव्हा काडीच्या मोळीला चिठ्ठी कोण बांधणार, त्यावर सही कुणाची आणि चुकलं तर चार वर्षांचे पैसे कोण देणार, एवढं त्या लेखकाला विचारून छापा.

जाता जाता, तुमचा पेपर आमच्या गावात साडेनऊला येतो. हवामानाचा चौकोन वाचेपर्यंत आमची फवारणी होऊन गेलेली असते. एजंटला तीनदा सांगून झालंय, तो म्हणतो नाशिकहून गाडीच उशिरा सुटते.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक

ता.क. लेखासोबतच्या फोटोखाली थॉम्पसन लिहिलंय आणि फोटोतली द्राक्षं लाल आहेत. ती पण थंडीमुळं का?