अमळनेरच्या आप्पांना, एका रेझरबद्दल

आप्पा, सप्रेम नमस्कार.

ही चिठ्ठी तुमच्या दाढी-कटिंगच्या दुकानात येऊन हातात दिली असती तर "ऱ्हाऊ दे रे भो" म्हणत तुम्ही ती न वाचताच खणात टाकली असती. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला आलो होतो. बोरी नदीच्या पात्रात पाळणे लागलेले, ऊन पंचेचाळीसच्या घरात, आणि माझी मान पेटलेली. जळगावच्या एमआयडीसीत मी लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करतो. दिवसभर कूलंटचे (यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) शिंतोडे, घाम आणि लोखंडाचा बारीक कीस. हनुवटीखाली लाल पुटकुळ्या आल्या होत्या, त्यातल्या दोन पिकल्या होत्या. कॉलर लागली तरी डोळ्यांत पाणी यायचं. सात-आठ वर्षं मी पाच पात्यांच्या कार्ट्रिजनं, म्हणजे सगळी पाती एकाच डोक्यात बसवलेल्या रेझरनं, रोज दाढी करत होतो. पाती जास्त म्हणजे दाढी चांगली, हीच समजूत.

तुम्ही खुर्चीत बसवलंत, पण साबण लावला नाहीत. "मान दखाड" म्हणालात आणि अंगठ्यानं कातडी ताणून कितीतरी वेळ नुसतं बघत राहिलात. मागे तीन गिऱ्हाईकं थांबलेली. मग म्हणालात की तुझे केस कुरळे आहेत आणि मानेवर ते खालून वर न वाढता डावीकडून उजवीकडे आडवे वाढतात. पाच पात्यांत पहिलं पातं केस ओढतं आणि मागची पाती त्याला कातडीच्याही खाली कापतात. कुरळा केस परत वाढताना बाहेर न येता आतच वळतो आणि रुततो. एवढं मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही माझी दाढी केलीच नाहीत. महिनाभर वाढू दे, आतले केस आपोआप वर येऊ दे, मग ये, म्हणालात. पैसे घेतले नाहीत.

महिन्यानं मी दोन रेझर घेऊन आलो. एक ऑनलाइन मागवलेला, चकचकीत, खालच्या कडेला कंगव्यासारखे दात असलेला. दुसरा बाबांचा, पत्र्याच्या पेटीत सापडलेला, खालची मूठ फिरवली की वरची दोन दारं उघडतात तसला. बाबांचा रेझर वापरता यावा अशी माझी फार इच्छा होती. तुम्ही त्यात ब्लेड घातलं, मूठ आवळली आणि रेझर समोरून उजेडात धरलात. एका बाजूला ब्लेडची चमक रेघेएवढी, दुसऱ्या बाजूला दुप्पट. एक दार कधीतरी पडून वाकलं होतं. आप्पा, मी दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, ही बारीक मापं घ्यायची साधनं, हातात घेऊन बसतो, पण ब्लेड दोन्हीकडे सारखं बाहेर आलंय का हे असं समोरून उजेडात बघायचं असतं, हे तुमच्याकडून शिकलो. आता कुणी रेझर दाखवला की मी पहिल्यांदा तेवढंच बघतो.

ऑनलाइनवाला तर तुम्ही हातात घेऊन लगेच खाली ठेवलात. दात असलेला रेझर आठ-पंधरा दिवस वाढलेल्या दाढीला बरा, दातांतून केसही जातात आणि साबणही. पण याचं पातं आणि खालची कड यांत फट फार होती, आणि पुटकुळ्यांच्या मानेला एवढी फट म्हणजे जखमांना आवतण. शिवाय आतला आटा जस्ताच्या मिश्रधातूचा. वरचा मुलामा उडाला की तो आतून खाल्ला जातो आणि एक दिवस डोक्याचा स्क्रू तुटून हातात येतो. हे सांगताना तुम्ही तुमच्याच खणातला तुटका तुकडा काढून दाखवलात. तुटलेल्या जागी धातू कसा भुरभुरीत, राखाडी दिसत होता ते माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे.

मग तुम्ही सांगितलंत ते मी पाकिटाच्या मागे लिहून घेतलं होतं. तीन तुकड्यांचा घे: वरची टोपी, खालची थाळी आणि मूठ. वाकायला दारं नाहीत, बिघडायला काही नाही, धुवायला सोपा. खालची कड सलग, बिनदाताची. फट कमी. मूठ पितळेची, थोडी जड. आणि मुठीवर खरबरीतपणा खोल हवा, कारण साबणाच्या बोटांतून गुळगुळीत मूठ सटकते. त्या खरबरीतपणाला आम्ही नर्लिंग म्हणतो, रोज करतो. कोणतं नर्लिंग ओल्या हाताला धरेल हे मला दुकानात बोट फिरवून कळलं, आणि तेवढ्या एका बाबतीत निवड माझी स्वतःची होती याचा आनंद वाटतो.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते वजनाचं बोलणं. "रेझरनं वजन काम करी, तू दाबू नको." कार्ट्रिजची सवय असलेला हात आपोआप दाबतो. तुम्ही माझं मनगट धरलंत, टोपी गालावर सपाट टेकवलीत, मूठ आडवी, गालापासून सरळ बाहेर. मग मूठ हळूहळू खाली आणत गेलात. एका जागी कुरकुर असा आवाज आला. "हाऊ आवाज ध्यानमा ठेव." पुस्तकात तो तीस अंशांचा कोन म्हणून लिहिलेला असतो, पण मी अंश मोजत नाही. कानानं दाढी करतो.

ब्लेडचं तर तुमच्याइतकं कुणाला कळणार? दिवसभर तुम्ही तीच ब्लेडं कागदासकट मधोमध मोडता आणि अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवता. कुठलं किती डोक्यांना टिकतं, कुठलं पहिल्याच हाताला ओढतं, सगळं बोटांत. तुम्ही चार वेगवेगळी ब्लेडं पेपरात गुंडाळून दिलीत. एक ब्लेड आठवडाभर, मग दुसरं. साबण, पाणी, रेझर काहीच बदलायचं नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुणामुळे काय झालं ते कळत नाही. आमच्या कारखान्यात सेटिंग बिघडलं की हेच करतात. तिसरं ब्लेड माझं निघालं. नाव सांगत नाही, कारण तुम्हीच म्हणाला होतात की एकाचं ब्लेड दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

एका कार्ट्रिजच्या पैशात आता माझी दहा-पंधरा ब्लेडं येतात. बाबांच्या जुन्या रेझरमध्ये आजचं ब्लेड बसलं याचं मला त्या दिवशी नवल वाटलं होतं. मग वाचलं. असा बदलत्या ब्लेडचा रेझर काढणाऱ्या किंग कॅम्प जिलेटच्या कंपनीचे पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, सगळे मिळून ५१ रेझर विकले गेले. १९०४ ला पेटंट मिळालं. मधल्या लांब खाचेचं ब्लेड १९३० च्या सुमाराला आलं, आणि तो घाट अजून बदललेला नाही. बाबांचा रेझर मी दुरुस्तीला घेतलाय. दार सरळ झालं तर उजेडात धरायला तुमच्याकडेच आणीन.

पाण्याचं सांगायचं राहिलं. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाचा फेसच धरत नव्हता, नुसता पांढरा चोथा. मी साबणाला दोष देत होतो. तुम्ही म्हणालात, नळाचं भरून ठेवलेलं पाणी घे, नाहीतर बोअरचं उकळून निवू दे, भांड्याच्या तळाशी बसेल ते बसू दे. त्यानं खरंच फरक पडला. आता आधी कोमट पाण्याचा फडका दोन-तीन मिनिटं, मग ब्रश, मग केसांच्या वाढीकडे फक्त दोन हात. उलटा हात मानेवर मारत नाही. शेवटी तुरटीचा खडा. तुरटी जिथे झोंबते तिथे दाबलं गेलंय, हेही तुमचंच. पहिल्या आठवड्यात सगळी मान झोंबायची. आता जबड्याच्या उजव्या कोपऱ्यात कधीतरी.

वापरलेली ब्लेडं मी तुमच्यासारखीच खाच पाडलेल्या डब्यात टाकतो. उकिरड्यावर गुरं तोंड घालतात, आणि कचरा वेचणारे उघड्या हातांनी वेचतात.

आप्पा, एक गोष्ट समोर बोलता आली नाही. घरी दाढी कशी करायची हे तुम्ही मला शिकवलंत म्हणजे तुमचं एक गिऱ्हाईक तुम्ही स्वतःच्या हातानं कमी केलंत. तासभर उभं राहून, गर्दीच्या दिवशी. तुमच्या जागी मी असतो तर एवढं मन दाखवलं असतं का, हे सुरत पॅसेंजरमध्ये अप-डाऊन करताना बरेचदा मनात येतं. मान बरी झाली त्याचे आभार तर आहेतच, पण त्या तासाचे जास्त.

केस कापायला मी तुमच्याकडेच येणार, जळगावात कुठे जात नाही. भाच्याला मिसरूड फुटलंय, त्यालाही बरोबर आणतो. त्याच्या मानेवरचे केस कुठल्या बाजूला वाढतात ते तुम्हीच बघा. रविवारी तुमच्याकडे गर्दी, म्हणून मंगळवारी सुट्टी टाकलीय. बामणोदची भरिताची वांगी निघालीयत, पाच किलो घेऊन येतोय. त्याचे पैसे विचारू नका.

तुमचा,
मानेवाला भाऊ