गो म्हणून हाक मार

आचरा, श्रावण

गो बाय,

परवा तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ पडवीतच बसून राहिले. पाऊस धो धो पडत होता, पण कानात तुझंच बोलणं. 'अगं ऐक ना', 'नाही गं', 'कशाला गं'. अर्ध्या तासात एकदाही आपला मालवणी 'गो' आला नाही. पुण्यात ३० वर्षं काढलीस, जीभ वळणारच, हे मला कळतं. तरी मनाला लागलं, आणि तुझ्यापासून काय लपवायचं म्हणून लिहायला बसले.

कॉलेजातला पहिला आठवडा आठवतो? मी तुला वर्गात 'पेन दी गो' म्हटलं आणि बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "गो नाही, गं. शुद्ध बोलायला शिका." त्या दिवशी आपण दोघींनी माना खाली घातल्या. तुझ्या तोंडातला गो बहुतेक त्याच दिवशी आत गेला. माझा घरी आल्यावर परत बाहेर आला, कारण इथे आई होती.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते. पलीकडच्या खळ्यात घर बांधतायत, गवंडी सगळे बंगालचे. मी चुलीवर पेज ठेवली होती. तेवढ्यात चिरा खाली आपटल्याचा आवाज, आणि पाठोपाठ किंकाळी, "मा गो!" बाय, मी पेज तशीच सोडून धावले. वाटलं, वाडीतलंच कुणाचं तरी पोर पडलं. पाहते तर मुर्शिदाबादचा एक कोवळा मुलगा बोट धरून बसलेला. आपण ठेच लागली की 'आये गो' म्हणून ओरडतो, अगदी तसाच तो ओरडला होता. हळद लावली, फडकं बांधलं, चहा दिला. मग मोडक्या हिंदीत बोलणं झालं. म्हणाला, आई वडलांना नावानं हाक मारत नाही, 'ओगो' म्हणते. आपल्या आया 'अवो' म्हणायच्या, तसंच. त्यांच्यात गो बाईलाही आणि बाप्यालाही. आपल्याकडे बाप्याला रे आणि गो फक्त आपल्यासाठी राखलेला. वर आगरी-कोळ्यांत आहे, खाली तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलं की 'कितें गो?' म्हणून कुणीही बाई दुसरीला विचारते. आणि थेट पलीकडच्या किनाऱ्यावरही तो आहे, हे मला या वयात कळलं. ज्याला गावंढळ म्हणून झटकलं, तो दोन समुद्रांच्या काठी बायामाणसांच्या दुखण्यात आणि लाडात मुरलेला आहे.

मग मला नादच लागला. भाचा बोटीवर असतो, त्याला सांगितलं, जिथे जाशील तिथे गो शोध. पोरगा गुणाचा, खरंच शोधतो. बोटीवरच्या पोलंडच्या इंजिनिअरनं त्याला सांगितलं की त्यांच्यात 'कोखाम गो' म्हणजे 'माझं त्याच्यावर प्रेम आहे'. आपला गो बाईचा, त्यांचा गो 'त्याला'! व्हेनिसच्या बोलीत गो म्हणजे 'माझ्याकडे आहे', आणि गो म्हणजे तिथल्या खाडीच्या चिखलात राहणारा एक मासाही. बुरानो नावाच्या बेटावर त्याच्या रश्श्यात भात शिजवतात. वर्णन ऐकून मला आपली निवटी आठवली. तू चिखलात गुडघाभर रुतून निवटी धरायचीस आणि मी काठावरून आरडाओरडा करायची.

जपानी भाषेत तर गोंचा मेळाच आहे. पाच म्हणजे गो. रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडतात तो खेळ गो. आदरानं बोलायचं तर शब्दाच्या आधी गो लावतात, आणि भाताला हा मान आहे, 'गोहान'. आपण कोकणातली माणसं, भाताला मान दिलेला ऐकून मला फार बरं वाटलं. आणि भाषेलाही गो! निहोंगो म्हणजे जपानी, एइगो म्हणजे इंग्रजी. लिहिताना प्रत्येकाची खूण वेगळी, कानाला मात्र एकच.

इथे मी थबकले. कारण बाबांच्या फडताळातल्या अमरकोशात, त्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, गो शब्दाचे अर्थ एका ओळीत दिलेत. स्वर्ग, बाण, पशू, वाणी, वज्र, दिशा, डोळा, किरण, पृथ्वी, पाणी. त्यात वाणी आहे बघ! जपानी गो आणि हा गो यांचं काही नातं नाही, नुसता योगायोग. इंग्रजीतला 'जा' सांगणारा गोही परका. पण त्यांची 'काऊ' मात्र आपल्या गाईची खरीखुरी नातलग, एकाच जुन्या मुळातली. फारशीतली 'गाव' म्हणजे गाय, तीही त्याच कळपातली.

आणि आपल्या घरातलेच किती शब्द या गाईमागून आलेत! गाई जिथे उभ्या राहायच्या तो गोष्ठ. त्याचा झाला गोठा. तिथे माणसं जमून बोलायची, ती गोष्ठी, आणि तिची झाली गोष्ट. म्हणजे तुझ्या आजीचा गोठा आणि त्याच्या दारात बसून तिनं सांगितलेल्या गोष्टी, दोन्ही एकाच शब्दाची लेकरं. हे वाचलं तेव्हा तुला लगेच सांगावंसं वाटलं होतं. हरवलेल्या गाई शोधणं ती गवेषणा, गाईच्या डोळ्यासारखी खिडकी तो गवाक्ष. असं किती सांगू.

एवढं सगळं गोळा केलं, आणि तरी ज्या गोसाठी सुरुवात केली तो यांत कुठेच बसत नाही. आई तिन्हीसांजेला दारात उभी राहून ओरडायची, "खय मेलंस गो?" त्यातला गो काढून बघ, काय उरतं? नुसती शिवी. गो असला की त्यात वाढलेलं ताट असतं, पेटवलेला दिवा असतो, उशीर झाला म्हणून भ्यालेलं काळीज असतं. आई जाऊन दोन वर्षं होतील. वाडीत सुना मला काकी म्हणतात, पोरं आजी म्हणतात, बँकेत मॅडम. मला गो म्हणेल असं माझ्या वयाचं किंवा माझ्याहून मोठं इथे कुणी उरलं नाही. तू आहेस, तेवढीच.

चतुर्थीला ये. काकडीच्या वेलाला तवशी लागल्यायत, तुझ्यासाठी दोन राखून ठेवते. कणकवलीला उतरलीस की रिक्षा तिठ्यापर्यंतच आण, पुढे पाणंदीत चिखल आहे. तिथून फोन करू नकोस. गडग्यापाशी उभी राहा आणि हाक मार. मी पडवीतच असेन.

तुझी,
शेजारची बाय