नातीचं नाव आणि आशेचे अर्थ

धरमपेठ, नागपूर
रविवार, सकाळ

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व कुशल.

नात झाल्याची बातमी कळली आणि घरात सगळ्यांना फार आनंद झाला. तुझी यादीही मिळाली. 'आशा' याच अर्थाचं नाव हवं, असं सूनबाईंचं म्हणणं आहे आणि तुम्ही मिळून आशा, आसावरी, अपेक्षा, उमेद, अमल, नादिया अशी सहा नावं काढलीत. शिवाय पुढेमागे नातू झालाच तर आशिष किंवा आशुतोष. बारसं सहा दिवसांवर आलंय, म्हणून फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा सविस्तर लिहितो.

आधी जी नावं अर्थात बसत नाहीत ती बाजूला काढू. आसावरी हे सकाळच्या एका रागाचं नाव. कानाला फार गोड, पण रागाच्या प्रेमापोटी ठेवायचं असेल तर ठेवा, आशेसाठी नको. आशुतोषमधला 'आशु' म्हणजे लवकर. लवकर संतुष्ट होतो तो आशुतोष, म्हणजे महादेव. आशिष हा 'आशीर्वाद'मधला शब्द, त्याचा धातू वेगळा आहे. 'आ' आणि 'श' एकापाठोपाठ आले की आपण आशाच ऐकतो, एवढाच त्यांचा संबंध. नावांच्या पुस्तकांत ही तिन्ही सर्रास 'आशा'च्या खाली छापलेली असतात, तेव्हा दोष तुझा नाही.

अमल मात्र खरं आहे. अरबीत 'अमल' म्हणजे आशा, आणि तिकडे ते मुलीचं नाव म्हणून चांगलं चालतं. संयुक्त अरब अमिरातीने २०२० मध्ये मंगळाकडे जे यान सोडलं त्याचं नावही 'अल अमल'. अडचण आपल्याकडची आहे. अरबीतच 'अमल' असा दुसरा एक शब्द आहे, पहिला वर्ण वेगळा, अर्थ कृती किंवा काम. तो आपल्याकडे 'अंमल' होऊन आला आणि त्यावरून अंमलदार, अंमलबजावणी झाले. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. त्यात संस्कृत 'अमल' म्हणजे निर्मळ, तो तिसरा. पोरीला जन्मभर समजावत बसावं लागेल की यातला आपला कोणता.

नादिया हे रशियन 'नादेझ्दा'चं घरगुती रूप. नादेझ्दा म्हणजे आशा. तिकडे वेरा, नादेझ्दा, ल्यूबोव अशी तीन नावं जोडीने घेतात: श्रद्धा, आशा, प्रेम. अरबीतही नादिया आहे, पण तो शब्द निराळा. आणि आपल्याकडे नादिया म्हटलं की पहिल्यांदा 'नाद' आणि 'नदी' आठवणार, आशा कुणालाच नाही. म्हणून तेही सोड.

उरली तीन: आशा, अपेक्षा, उमेद. इथे जरा थांबून बघायला हवं, कारण मराठीत हे एकाच गोष्टीचे तीन शब्द नाहीत. आपल्या भागातला कापूसवाला शेतकरी डोळ्यांसमोर आण. ७-८ जूनला मृग लागतो. मृगात पाऊस यावा ही त्याची अपेक्षा. ती हिशेबातून येते, दरवर्षीच्या अनुभवातून येते, आणि पुरी झाली नाही की तक्रार करायचा हक्क वाटतो. मृग कोरडा गेला. २१-२२ जूनला आर्द्रा लागेल, तेव्हा तरी येईल, ही आशा; हिला हिशेबाचा आधार नाही, तरी ती सुटत नाही. बांधावर उभा राहून तो आभाळाकडे डोळे लावतो, ती आस. लावलेलं बी करपलं आणि तरी त्याने दुबार पेरणीसाठी उसनवारी करून पुन्हा बियाणं आणलं, ती उमेद. या चौघींची अदलाबदल होत नाही. 'पावसाची उमेद' कुणी म्हणत नाही आणि 'आशा खचली' म्हटलं तर कानाला खटकतं. खचते ती उमेद, लागते ती आस, सुटते ती आशा आणि फोल ठरते ती अपेक्षा.

नागपुरात उमेदीची एक खास चूक होते. आपल्या कानावर दिवसभर हिंदी, त्यामुळे 'उम्मीद है'चं 'उमेद आहे' करून टाकतात. शब्द मूळचा एकच, फारसी. पण मराठीत येताना त्याने अर्थ बदलला. हिंदीत उम्मीद म्हणजे आशा किंवा अपेक्षा. मराठीत उमेद म्हणजे अंगातली हिंमत, उत्साह, पुन्हा उठायची ताकद. उमेदीचा काळ, उमेदीचा माणूस, जगण्याची उमेद. जुना फारसी अर्थ आपल्याकडे 'उमेदवार'मध्ये तेवढा टिकला आहे: आशा धरून असलेला. पूर्वी कचेरीत नोकरीच्या आशेवर बिनपगारी काम शिकायचे, ती उमेदवारी. महाराष्ट्र सरकारने ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला 'उमेद' हे नाव दिलं तेही बरोबर आहे. बचत गटातल्या बाईकडे हवी ती उमेदच. मुलीचं नाव म्हणून उमेद मला मनापासून आवडतं, पण एक लक्षात घे: राजस्थानात उम्मेद हे पुरुषाचं नाव आहे. जोधपूरचा उम्मेद भवन महाराजा उम्मेदसिंगांच्या नावाचा. तिच्या नावापुढे कागदोपत्री 'श्री' लागण्याचे प्रसंग येतील.

अपेक्षा हे नाव आता बऱ्याच मुलींचं आहे. माझं मत विचारशील तर नको. अपेक्षा आईबापांची असते आणि ती पोरीच्या नावातच बांधून ठेवण्यासारखं होतं.

आता आशा. संस्कृतात हे दोन शब्द आहेत, उच्चार एक. एक आशा 'शंस्' धातूला 'आ' लागून झालेली, म्हणजे इच्छा, भरवसा. दुसरी आशा म्हणजे दिशा. अमरकोशात दिशेच्या पर्यायांत आशा दिलेली आहे, आणि म्हणूनच दिगंबराला 'आशांबर' असाही शब्द आहे: दिशा हेच ज्याचं वस्त्र. सूनबाईंना हे आवर्जून सांग. आशा म्हणजे दहाही दिशा, हा अर्थ नावाला लागू करायला कुणाची हरकत नाही.

'आस' हा मराठीतला आशेचाच झिजून मऊ झालेला शब्द. वारकऱ्याला विठ्ठलाच्या भेटीची आस लागते. तिथे आशा म्हटलं तर फिकं वाटतं. दुसरा 'आस' पुल्लिंगी, संस्कृत 'अक्ष'वरून आलेला, पृथ्वी ज्याभोवती फिरते तो. दोन्ही ओळखायचे विभक्तीवरून: आसाभोवती आणि आसेने.

तुझ्या वहिनींनी विचारलेली शंका खरी आहे, की आशा शब्दाला थोडी वाईट छटा नाही का? आहे. आशाळभूत, दुराशा, आशेपायी, आशेला लागणे, कुणाला आशा दाखवणे. संन्याशाला आशा सोडायला सांगतात. संस्कृत सुभाषितात तिला चमत्कारिक बेडी म्हटलंय: हिने जो बांधला तो धावतो आणि जो सुटला तो पांगळ्यासारखा बसून राहतो. मला यात निंदेपेक्षा कौतुक जास्त दिसतं. 'आशा आहे की आपण बरे असाल' असली गुळगुळीत आशा मराठीत इंग्रजी पत्रांच्या साच्यातून आली. आपल्या जुन्या पत्रांत 'तिकडील कुशल कळवावे' असायचं. जुन्या मराठी आशेत तळमळ होती, म्हणून ती कधी हावेकडे झुकायची, कधी प्रेमाकडे. 'मोठ्या आशेने आलो' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघ. यात हाव कुठे आहे?

आणि व्याकरण हा शब्द आणि हे नाव आपोआप वेगळं काढतं. शाळा-शाळेला तसं आशा-आशेला. पण नाव असेल तर आशाला. 'आशेवर भरवसा ठेव' आणि 'आशावर भरवसा ठेव': पहिला धीर आहे, दुसरी शिफारस. सीतेला, राधेला, यमुनेला अशी जुनी नावं अजून वाकतात. आताची नावं जशीच्या तशी राहतात. आपल्याकडे गावात 'ला'चा 'ले' होतो, तरी नियम तोच: 'आशाले सांग' म्हणजे पोरीला, आणि 'आशेले' म्हटलं तर मनातल्या गोष्टीला. नाव वाकतं ते फक्त हाक मारताना. 'अगं आशे!' असं आजी म्हणेल तेव्हा. ती हाक तुझ्या घरात ऐकू यावी असं मला फार वाटतं.

एक जोड आणखी. 'हताश' म्हणजे जिची आशा मारली गेली ती. त्याच्या 'ह'ला उकार दिला की 'हुताश', म्हणजे आहुती खाणारा अग्नी, ज्याच्यावरून होळीला हुताशनी पौर्णिमा म्हणतात. तिथला 'आश' खाण्यातला आहे. आणि 'हताशा' हे नाम हिंदीचं. मराठीत हताशपणा किंवा निराशा लिहावं.

गावाकडे आशा म्हटलं की आता आरोग्याचं काम करणारी बाई डोळ्यांपुढे येते, हेही धरून चाल. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण १००० लोकांमागे एक अशी ही कार्यकर्ती ठरवली. 'अ‍ॅक्रेडिटेड सोशल हेल्थ अ‍ॅक्टिव्हिस्ट'च्या आद्याक्षरांनी नाव पडलं आणि चपखल बसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या सगळ्या आशांचा सन्मान केला. बघ, 'आशांचा' हे अनेकवचन विशेषनामाचं कधीच नव्हतं. या बायकांनी ते मराठीला दिलं. गरोदर बाईला रात्री दवाखान्यात पोचवणाऱ्या बाईचं आणि नातीचं नाव एकच असणं ही मला मानाची गोष्ट वाटते.

राशीचं अक्षर हवं असेल तर 'अ' कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचा, रास मेष. व्यवहारात 'आ' त्यातच धरतात. 'उ' कृत्तिकेच्या तिसऱ्या चरणाचा, रास वृषभ. पत्रिकेत दुसरंच अक्षर निघालं तर पाळण्यातलं नाव त्यावरून ठेवा आणि व्यवहारातलं आशा. दोन नावं ठेवायला आपल्याकडे कधीच अडचण नव्हती.

आता कागदाचं. जन्म दवाखान्यात झाला असल्याने २१ दिवसांच्या आत खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याची. त्या वेळी नाव ठरलेलं नसेल तरी नोंद होते, नावाचा रकाना कोरा राहतो. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव घातलं तर शुल्क नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण 'नंतर बघू' करू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो.

आणि घोळ होतो तो इंग्रजी स्पेलिंगचा. दाखल्यावर नाव दोन्ही लिप्यांत येतं. आशाच्या सुरुवातीला कुणी एक 'ए' लिहितो, कुणी दोन. दाखल्यावर एक, आधारवर दोन, शाळेत तिसरंच, अशी गत झाली की दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ. सुरुवातीला एकच 'ए' घ्या. बहुतेक लोक न विचारता तसंच लिहितात. बारशाच्या आधी एका कागदावर मराठी आणि इंग्रजी नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहून चिरंजीवांच्या पाकिटात ठेवायला सांग, आणि प्रत्येक अर्ज त्याच कागदावरून भरायला सांग. दाखला हातात आला की खिडकीवरून हलायच्या आधी दोन्ही ओळी अक्षर-अक्षर वाचायच्या. चुकीची दुरुस्ती होते, पण मूळ नोंद खोडत नाहीत, बाजूला समासात शेरा मारतात, आणि त्यासाठी पुन्हा पुरावे जोडून अर्ज करावा लागतो.

नाव ठरलं की बारशाच्या आदल्या रात्री कळव. कानात 'कुर्र' करायला आत्या पुण्याहून वेळेवर पोचते आहे ना? वहिनींना नमस्कार, सूनबाईंना काळजी घ्यायला सांग, बाळाला अनेक आशीर्वाद.

तुझा,
दिगंबर