बॅटरी बदलण्याआधी पडद्याआडची सॉफ्टवेअर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॅपटॉप मांडीवर ठेववत नाही इतका तापतो, पंखा सतत घोंघावतो आणि पूर्वी पाच-सहा तास पुरणारी बॅटरी दोन तासांत संपते, अशी तक्रार घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलेल्या ग्राहकाला पुष्कळदा बॅटरी बदलण्याचा किंवा प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नव्याने लावून घेण्याचा सल्ला मिळतो. संगणक शिकवण्याच्या निमित्ताने असे बरेच लॅपटॉप माझ्यासमोर येतात आणि त्यांतल्या अनेकांचे दुखणे बॅटरीत नव्हे, तर पडद्याआड चालू राहिलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये असते. सुटा भाग बदलण्याआधी ते तपासले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

हिशेब सरळ आहे. पातळ लॅपटॉपमधले बरेचसे प्रोसेसर 15 वॉटच्या आसपासचे असतात आणि बॅटरी 40 ते 50 वॉट-तासांची. नुसते टंकलेखन चालू असताना सगळ्या यंत्राला सहा-सात वॉट पुरतात. पण प्रोसेसर अखंड राबू लागला की तो एकटाच 15 वॉट ओढतो, स्क्रीन वगैरेचा खर्च वेगळा. मग 45 वॉट-तासांची बॅटरी अडीच तासही टिकत नाही, आणि ओढलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी लवकर म्हातारी होते. त्यामुळे बॅटरी खरोखरच खराब निघाली, तरी ती कशाने खराब झाली हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर न शोधता बसवलेली नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या वापराच्या, रकान्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. इथे आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो हलतो की नाही हे पाहावे. चार कोअर आणि आठ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी आठ कामे पेलणाऱ्या, प्रोसेसरवर बारा-तेरा टक्के, म्हणजे आठातला एक हिस्सा, किरकोळ वाटतात, पण तो आकडा तासन् तास तिथेच खिळून असेल, तर एक थ्रेड पूर्णपणे अडकून एकाच फेऱ्यात फिरत असल्याचा तो ठळक संशय आहे.

नव्या बॅटरीनंतरही तापणाऱ्या एका लॅपटॉपवर नेमके हेच दिसले. सर्वांत वर प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारा विंडोजचा प्रोग्राम होता. मालकाने कधीच काढून टाकलेल्या प्रिंटरला पाठवलेले एक पान रांगेत अडकले होते. ती फाइल डिस्कवरच पडून असल्याने लॅपटॉप रीस्टार्ट करूनही उपयोग होत नव्हता. स्पूलरची सर्व्हिस थांबवली, स्पूलच्या फोल्डरमधल्या 'प्रिंटर्स' या फोल्डरमधली ती फाइल काढली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली आणि थोड्याच वेळात पंखा शांत झाला. त्यासाठी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा लागला नाही.

मात्र यादीत वर दिसेल त्याला बंद करत सुटणेही चूक आहे. मोठ्या अपडेटनंतर अँटिव्हायरसची तपासणी आणि फाइलींचे इंडेक्सिंग (झटपट शोधासाठी त्यांची सूची बनवणे) काही तास चालू शकते; लॅपटॉप चार्जरला लावून ते काम पुरे होऊ द्यावे. मॅकवर कर्नल टास्क हा त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग पुष्कळ सीपीयू खाताना दिसतो, पण तो अनेकदा तापलेल्या प्रोसेसरवरचा भार रोखून धरत असतो. खरा खादाड ॲक्टिव्हिटी मॉनिटर या मॅकवरच्या टास्क मॅनेजरच्या एनर्जी टॅबमध्ये शोधावा. आणि टास्क मॅनेजर उघडताच पंखा दर वेळी शांत होत असेल, तर चोरून क्रिप्टो मायनिंग करणाऱ्या, म्हणजे आपल्या प्रोसेसरच्या जोरावर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणाऱ्या, प्रोग्रामची शंका घ्यावी, कारण त्यांतले काही त्या क्षणी मुद्दाम थांबतात.

बाकी बराचसा भार ग्राहकाने कधी मागितलेलाच नसतो. लॅपटॉपसोबत आलेली किंवा इतर सॉफ्टवेअरबरोबर शिरलेली कितीतरी ॲप्स स्टार्टअपच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत आपणहून जाऊन बसतात. ही यादी टास्क मॅनेजरमध्येच दिसते आणि नको ते तिथेच बंद करता येते. पण ज्यांना हे ठाऊक नाही, त्यांच्या विजेवर आणि बॅटरीवर हा परस्पर टाकलेला खर्च आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ॲप-वेबसाइटवरच्या क्लृप्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि त्यांत तेरा प्रकार नमूद केले. वापरकर्त्याला न विचारता सॉफ्टवेअरने स्वतःला स्टार्टअपमध्ये घालून घेणे, हाही प्रकार त्यांत स्पष्ट शब्दांत यायला हवा.

दुरुस्ती व्यावसायिकांनाही विनंती आहे की, तापण्याची तक्रार आल्यास लॅपटॉप खोलण्यापूर्वी ग्राहकासमोर दहा मिनिटे टास्क मॅनेजर उघडा ठेवावा, आणि त्यात काय दिसले हे बिलावर सुट्या भागांच्या किमतीशेजारी लिहून द्यावे.

आपला नम्र,
एक संगणक प्रशिक्षक, सातारा