तारखेचं काय घेऊन बसलास!

ठाणे,
१८ सप्टेंबर २०२५
(२५ एलूल ५७८५)

प्रिय सुहास,

शालोम. तू पाठवलेला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. दक्षिण आफ्रिकेतले ते गृहस्थ सांगतात की येत्या २३-२४ सप्टेंबरला प्रभू येणार आणि विश्वासणाऱ्यांना वर घेऊन जाणार, कारण नेमका तेव्हाच यहुद्यांचा कर्ण्यांचा सण आहे. आणि त्याखाली तुझा प्रश्न: "सण तुमचा, मग तूच सांग, यात कितपत तथ्य आहे?" फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्रच लिहायला बसलो.

आधी पंचांगाचं बघू, कारण त्यात माझा हात कोणी धरणार नाही. 'तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही' हे येशूचं वचन म्हणजे रोश हशानाची, म्हणजे त्याच कर्ण्यांच्या सणाची, आमच्या नववर्षाची खूण आहे, असं तुम्हा ख्रिस्ती लोकांतले काही उपदेशक सांगतात. याला थोडा आधार आहे. आमचा हा एकच मोठा सण महिन्याच्या एक तारखेला येतो. यरुशलेमेचं मंदिर उभं होतं तेव्हा दोन साक्षीदार तिथं येऊन चंद्रकोर दिसल्याचं सांगत, न्यायसभा त्यांची उलटतपासणी घेई आणि मगच महिना लागल्याचं जाहीर होई. त्यामुळे सण आज की उद्या हे आदल्या दिवशी कुणालाच ठाऊक नसे, आणि म्हणूनच अजूनही तो दोन दिवस पाळतात. पण हे सगळं संपून दीड हजारावर वर्षं लोटली. परंपरा सांगते की चौथ्या शतकात दुसऱ्या हिल्लेलने गणित बसवून दिलं, तेव्हापासून तारखा काढलेल्याच आहेत. २०५० सालचा रोश हशाना हवा असेल तर आत्ता सांगतो.

वर आणखी एक नियम आहे. हा सण रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी येऊच द्यायचा नाही. बुधवारी किंवा शुक्रवारी आला तर त्यानंतरचा योम किप्पुर, म्हणजे आमचा प्रायश्चित्ताचा उपास, शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला) चिकटतो आणि कामबंदीचे दोन दिवस सलग पडतात. त्याने काय बिघडतं? तालमूदात, म्हणजे आमच्या रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, कारण दिलंय: भाज्या सुकतील आणि मेलेल्यांना पुरायला वेळ लागेल. ज्या सणाचा वार भाजीपाल्याकडे बघून ठरवला, त्यावरून जगाचा शेवट काढायचा म्हणजे कमालच आहे.

तरी तुझं म्हणणं मी सगळं उडवून लावत नाही. वल्हांडणाला येशूचा वधस्तंभ, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा, मग उरलेले शरदातले तीन सण दुसऱ्या येण्यासाठी, ही तुमची मांडणी आमची नाही. तू ज्याच्या परत येण्याची वाट बघतोस, तो आमच्या लेखी अजून यायचाच आहे. पण या सणांमध्ये मशीहाची, त्या येणाऱ्या तारणाऱ्याची, चाहूल नाही असं मी म्हटलं तर खोटं ठरेल. कर्णा आणि विखुरलेल्यांचं एकत्र येणं यशयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे, आणि रोजच्या प्रार्थनेतही आम्ही तेच मागतो. मंडपांच्या सणाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे जखऱ्याचा चौदावा अध्याय वाचतात, म्हणजे सगळी राष्ट्रं यरुशलेमेला सण करायला येतील तोच. तुझे उपदेशक पुस्तक बरोबर उघडतात, फक्त लगेच कॅल्क्युलेटरही उघडतात.

तो उघडला की काय होतं हे आमच्या लोकांनी चांगलंच भोगलंय. १६६५ मध्ये शब्बताई झ्वी नावाचा तुर्की मुलुखातला माणूस मशीहा म्हणून पुढे आला. येमेनपासून ॲमस्टरडॅमपर्यंत यहुदी लोक उपास करू लागले, रस्त्यात रडू लागले, धंदे विकून निघायच्या तयारीला लागले. हॅम्बर्गच्या ग्लुकेल नावाच्या बाईने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की तिच्या सासऱ्यांनी हिल्डसहाइमहून पिंपं भरून पाठवली. त्यांत कपडे होते, वाटाणे, वाल, सुकं मांस, वाळवलेली फळं. हॅम्बर्गहून पवित्र भूमीची बोटच पकडायची होती ना! पिंपं तिच्या घरात पडून राहिली. शेवटी मांस नासून कपडे खराब होतील म्हणून ती उघडायला सांगितलं. तोवर, १६६६ च्या सप्टेंबरात, सुलतानापुढे उभं केल्यावर मशीहाने डोक्यावर पगडी चढवली होती आणि तो मुसलमान झाला होता. तालमूदात एका रब्बींनी शेवटाची तारीख काढणाऱ्यांची हाडं झिजोत असा शापच दिलाय. मला तो पूर्वी कडक वाटायचा. त्या पिंपांचं वाचल्यावर वाटेनासा झाला.

मग सण कशासाठी, असं तू विचारशीलच. रोश हशानाच्या आधीचा एलूल महिना चालू आहे. आमच्या रिवाजाप्रमाणे महिनाभर पहाटे सलीहोथ, म्हणजे क्षमा मागायच्या प्रार्थना, म्हणतात. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये पाच-साडेपाचला आम्ही मोजकी डोकी जमतो. निम्म्यांचे डोळे मिटलेले, आणि प्रार्थना चालवणारे हजान आवाज चढवतात ते देवापेक्षा आम्हाला जागं करायला. तिथं कोणी आकाशाकडे बघत बसत नाही. देवाचा अपराध केला असेल तर योम किप्पुर तो फेडतो, पण माणसाचा केला असेल तर त्या माणसाची समजूत काढेपर्यंत योम किप्पुरही काही करू शकत नाही, असं मिश्नात, म्हणजे तालमूदाच्या मूळ भागात, स्पष्ट सांगितलंय. मध्ययुगातले आमचे मोठे धर्मशास्त्री रंबाम (मैमोनिदेस) यांनी तर पुढची कृतीही लिहून ठेवलीय. तो माणूस ऐकेना तर तीन मित्रांना घेऊन जा. नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदा जा. आणि तो मेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जा आणि त्यांच्यासमोर बोल. मला या शेवटच्या कलमाचा धाक वाटतो. त्यातून पळवाटच नाही.

आमचे आजोबा रेवदंड्याला होते तेव्हा दारफाळणीच्या आदल्या दिवशी आळीत फिरायचे. योम किप्पुरला आपल्या कोकणात दारफाळणीचा सण म्हणतात हे तुला माहीत आहेच. जुन्या काळी दारं लावून, पांढरे कपडे घालून लोक घरातच उपास करत, बाहेरच्या कोणाला शिवत नसत. तर आजोबा दुपारी आंघोळ उरकायचे, धोतर नेसायचे आणि निघायचे. आधी ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं त्या भाऊबंदांकडे, मग नारळाचा हिशेब राहिला असेल त्या भंडाऱ्याकडे. भाषण वगैरे काही नाही. ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, "वर्षभरात काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला" म्हणायचं आणि उठायचं. आजी मात्र आतून बजावायची, "आधी त्याचे पैसे द्या, मग पाणी प्या." माझ्या मते रंबामचं सगळं प्रकरण आजीच्या त्या एका वाक्यात येतं.

आता मशीहाकडे वळतो, नाहीतर म्हणशील बगल दिली. आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांना, मशीहापेक्षा एलियाहू हनाबी (संदेष्टा एलीया) जवळचा. घरोघरी त्याची तसबीर आहे, अग्नीचा रथ, उधळलेले घोडे आणि वर चाललेला म्हातारा. नोकरी लागली, मूल झालं, व्हिसा मिळाला की त्याच्या नावाने मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि ताटात पाच फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. तिथंच टेकून तो स्वर्गात गेला, अशी आमची श्रद्धा. तू एकदा आईसोबत आला होतास आणि मलिदा दोनदा मागून घेतला होतास.

हा एलियाहू मशीहाच्या आधी येणार, हे तुमच्या जुन्या कराराच्या अगदी शेवटच्या पानावर आहे, मलाखीत. तुझ्या मते तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला. माझ्या मते यायचाय. ते राहू दे. पण तो येऊन काय करणार ते नीट वाच. तो सैन्य उभं करत नाही, कोणाला उचलून नेत नाही. बापाचं मन मुलांकडे वळवतो आणि मुलांचं बापाकडे. मोठा आणि भयंकर दिवस उगवण्याआधीची एवढीच तयारी तिथं सांगितलीय. म्हणजे आजोबा ओट्यावर बसून करत होते तेच. तुझ्या व्हिडिओत सगळं होतं रे, भूकंप, कर्णा, ढग, आणि हे मात्र नव्हतं. २३ तारखेला खरोखरच काही होणार असेल तर २२ ला कोणाकडे जाऊन यायचं, याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

तालमूदातली एक गोष्ट सांगतो, ती तुला आवडेल. रब्बी यहोशुआ बेन लेवींनी एलियाहूला विचारलं, मशीहा कधी येणार? तो म्हणाला, त्यालाच विचार की. रोमच्या वेशीशी रोगी, गरीब बसलेत, त्यांच्यात आहे. ओळखायचा कसा? बाकीचे सगळ्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात आणि एकदम बांधतात. तो एकेक सोडतो, एकेक बांधतो, न जाणो बोलावणं आलं तर खोळंबा नको. रब्बी गेले आणि विचारलं, धनी, कधी येणार? "आज." दिवस मावळला तरी आला नाही, तेव्हा रब्बी चिडून एलियाहूकडे परतले, खोटं बोलला म्हणाले. एलियाहूने स्तोत्रातली ओळ म्हणून दाखवली: आज, जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर.

आमच्यातही काही जण असं धरून आहेत की पश्चात्ताप असो-नसो, वेळ भरली की तो येणारच. तालमूदात रब्बी एलिएझर आणि रब्बी यहोशुआ यांचा यावर जबर वाद आहे. एकाचं म्हणणं पश्चात्तापाशिवाय सुटका नाही, दुसऱ्याचं की देवाने वेळ ठरवलीय ती टळणार नाही. शेवटी एलिएझर गप्प बसतात. मी मात्र अजून त्यांच्याच बाजूचा आहे. पटत नसेल तर भांडायला ये. अलिबाग-रेवदंड्याच्या मिशन शाळांत मराठी बायबल हातात घेऊन तुझ्या-माझ्या पणज्यांच्या पिढ्या हेच भांडत होत्या. आमचे फारसे कोणी बाप्तिस्मा घ्यायला गेले नाहीत, पण वाचायला आणि वाद घालायला तिथंच शिकले.

यंदा गंमत बघ. २२ ला संध्याकाळी आमचा नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, लागतो आणि त्याच दिवशी घटस्थापना. दारफाळणी २ ऑक्टोबरला, त्याच दिवशी दसरा. वरच्या मजल्यावरची पोरं सोनं द्यायला येणार आणि आम्ही दिवसभर सिनेगॉगमध्ये. दाराबाहेर एक ताट ठेवून जायचं, असं हिने ठरवलंय. तेव्हा २ तारखेला फोन करू नकोस, बंद असेल. ३ ला शिळा सण, तेव्हा कर.

आणि ६ ला संध्याकाळी मंडपांचा सण लागतो, तेव्हा ये. जखऱ्याचा तो अध्याय ७ ला सकाळी वाचतील, समोर बसून ऐक आणि काय म्हणायचं ते मग म्हण. येताना एक काम कर. या सणाला हातात धरायच्या चार जातींच्या वनस्पतींपैकी नदीकाठच्या वाळुंजेच्या डहाळ्या आम्हाला ठाण्यात ताज्या मिळत नाहीत. तुमच्या प्रवरेकाठी असतील. ५-७ चांगल्या लांब काप, पानं शाबूत असलेल्या, ओल्या फडक्यात गुंडाळ आणि एसटीत मांडीवर ठेव, वरच्या फळीवर नको, चुरगळतात. वहिनींना नमस्कार. आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
मोझेस